पोलंडमध्ये किब्ला दक्षिणेला

पोलंडला जाऊन आलो असे कळले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "खाल्लंत काय?" दुसरा येतो, "नमाजचं कसं केलंत?" आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, "तिथले लोक आपल्या लोकांशी वागतात कसे?" मोहल्ल्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, नातेवाइकांच्या फोनवर, दिवाळीच्या सुट्टीपासून आम्ही याच तीन प्रश्नांची उत्तरे देत आहोत. म्हणून या महिन्याचे आपले सदर त्यांनाच देऊन टाकू. राजवाडे, संग्रहालये आणि मिठाच्या खाणी यांची माहिती कोणत्याही पुस्तकात मिळते.

जाण्याचे कारण साधे होते. भाचा वॉर्सात शिकतो. दोन वर्षे तो "मामू, मुमानी, एकदा याच" म्हणून मागे लागला होता. मे महिन्यात घरची लग्ने असतात, म्हणून दिवाळीची सुट्टी धरली. ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा. तिकडे त्या दिवसांत झाडे पिवळी होऊन झडत असतात आणि दिवस फार आखूड असतो. नोव्हेंबर लागला की सूर्य चारच्या सुमारास मावळतो. जुहर पढून जरा फिरावे तर असरची वेळ झालेली, आणि असर पढून चहा घ्यावा तर मगरिब.

आधी खाण्याचे. पोलंड हा डुकराच्या मांसाचा देश आहे हे मनाशी धरूनच चालावे. सॉसेज, हॅम, चरबीत परतलेला कांदा, एवढेच काय सूपमध्येसुद्धा तुकडे. पण त्याच देशात ‘बार म्लेच्नी’ नावाची एक चीज आहे. शब्दशः अर्थ दुधाचा बार. नाव ऐकून दचकू नये, इथे दारू नसते. दूध, अंडी, पीठ आणि बटाटा यांच्या पदार्थांची ही स्वस्त खानावळ. पहिली खानावळ १८९६ मध्ये वॉर्सातच निघाली, गुरे पाळणाऱ्या एका जमीनदाराने काढली. पुढे साम्यवादी राजवटीत कामगारांच्या जेवणासाठी ती गावोगाव झाली, आणि आजही तिथल्या जेवणाला सरकारी अनुदान मिळते. आपल्या शिवभोजन थाळीची आठवण व्हावी असा सगळा थाट. गल्ल्यावर पैसे द्यायचे, चिठ्ठी स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची, आपले ताट आपण उचलायचे आणि जेवून झाल्यावर आपणच परत नेऊन ठेवायचे. शेजारच्या टेबलावर विद्यार्थी, समोर पेन्शनर आजोबा, कोपऱ्यात कोट-टायवाला. पोलंडचा स्वभाव बघायचा असेल तर राजवाड्याआधी इथे जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इथली मुख्य गोष्ट म्हणजे प्येरोगी. आकार आपल्या करंजीचा, पण तळलेली नव्हे, उकळत्या पाण्यात शिजवलेली. आत उकडलेला बटाटा आणि पनीरसारखे ताजे चीज, किंवा कोबी आणि अळंबी. एक सावधगिरी मात्र हवी. सारण निर्धोक असले तरी वरून डुकराच्या चरबीचे तळलेले बारीक तुकडे पेरण्याची तिथे पद्धत आहे. त्यांना स्क्वार्की म्हणतात. आम्ही वहीच्या मागच्या पानावर चार गोष्टी लिहून ठेवल्या होत्या: ‘व्येपशोविना’ म्हणजे डुकराचे मांस, ‘स्मालेत्स’ म्हणजे त्याची चरबी, ‘बेझ’ म्हणजे शिवाय, आणि ‘बेझ स्क्वारेक’ म्हणजे ते तुकडे नकोत. भाच्याच्या घराजवळच्या खानावळीतल्या खिडकीतली बाई पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घालून आमचे उच्चार ऐकत होती. तिसऱ्या दिवशी आम्ही तोंड उघडायच्या आत तिनेच आत ओरडून सांगितले, "बेझ स्क्वारेक!" आणि वर लोणी सोडलेली बशी पुढे सरकवली. हसली मात्र नाही. पोलिश माणूस अनोळखी माणसाकडे बघून उगाच हसत नाही. तो उद्धटपणा नाही, हे समजायला दोन दिवस लागतात.

भाषेबद्दल थोडे विषयांतर करू द्या, आमचा धंदाच तो. पोलिश भाषेत संबोधन धरून सात विभक्ती आहेत. प्रथमा, द्वितीया करीत बसणाऱ्या आमच्या आठवीच्या मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांना त्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली. मोठ्या माणसाला ‘तू’ म्हणायचे नाही, हेही आपल्यासारखेच. त्यासाठी ते ‘पान’ आणि ‘पानी’ हे शब्द वापरतात, म्हणजे महाशय आणि बाई, आणि क्रियापद तृतीय पुरुषी लावतात. समोर बसलेल्या बाईंना "बाई चहा घेतील का?" असे विचारल्यासारखे. आणि शब्द! कॉफीला ‘कावा’, म्हणजे आपला कहवा. केशराला ‘शाफ्रान’, आपले जाफरान. कलिंगडाला ‘अरबूझ’, हा आपल्या खरबूजाचाच भाऊ, फक्त फळ बदलले. सुकामेव्याला ‘बाकाल्ये’ म्हणतात, ज्याचे मूळ उर्दूतल्या बक्काल या शब्दाशी जाऊन मिळते. खंडणीला ‘हाराच’, तो आपला खराज. तुर्कांशी आणि क्रिमियाच्या तातारांशी शेकडो वर्षे व्यापार आणि लढाया झाल्या, त्यातून हे शब्द तिथे उतरले. ज्या देशाला आपण आपल्यापासून फार दूरचा समजतो त्याच्या किराणा दुकानात उभे राहून आम्ही उर्दू वाचत होतो.

भाच्याच्या एका वर्गमित्राच्या घरी जेवायचे बोलावणे होते. आईने आदल्या दिवशीच फोन करून विचारले होते, पाहुणे काय खात नाहीत? भाच्याने सांगून ठेवले होते की फुले न्यायची ती विषम संख्येत, सम संख्येची फुले मयताला नेतात, आणि उंबरठ्यावर उभे राहून हातात हात द्यायचा नाही, तो अपशकुन. दार उघडले आणि पहिली गोष्ट दिसली ती चपलांची टोपली. पोलिश घरात बाहेरचे जोडे दारातच काढतात आणि पाहुण्याला घरात घालायच्या सपाता देतात. लहान-मोठ्या सगळ्या मापांच्या सपाता तयार असतात. युरोपात घरभर बूट घालून फिरतात असे ऐकत वाढलेल्या आम्हाला हे बघून घरी आल्यासारखे वाटले.

भट्टीत भाजलेला मासा होता, बीटचे लालभडक आंबट सूप होते, त्याला बार्श्च म्हणतात, आणि पाव होता. जेवताना त्या घरच्या आजींच्या हातून पावाचा तुकडा खाली पडला. ऐंशीच्या पुढच्या त्या बाई सावकाश वाकल्या, तुकडा उचलला, त्याला ओठ लावले आणि बशीच्या कडेला ठेवला. आम्ही दोघे एकमेकांकडे बघतच राहिलो. आपल्या घरात भाकरीचा तुकडा पडला तर दादी नेमके हेच करायची, आणि आमच्याकडूनही करून घ्यायची. भाच्याकरवी आजींना ते सांगितले. त्यांनी मान हलवली. त्यात नवल वाटण्यासारखे त्यांना काही दिसले नाही. अन्न आहे, पडले, उचलले. युद्धातली भूक पाहिलेल्या पिढीचे हे शिष्टाचार. त्यांच्या नातवाने असे कधी केलेले भाच्याला आठवत नव्हते.

मगरिबची वेळ झाली तेव्हा आजींनी विचारले, मक्का कुठल्या बाजूला? वॉर्साहून किब्ला दक्षिणेला आहे, पूर्वेकडे कललेला. आयुष्यभर पश्चिमेला तोंड करून उभे राहिलेल्या माणसाला पहिले काही दिवस हे शरीरालाच पटत नाही. दिवाणखान्याच्या दक्षिण भिंतीवर हजरत मरियम यांची मोठी तसबीर होती. आजींनी तसबिरीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "काढून ठेवू का?" आम्ही म्हटले, मुळीच नको, आम्हाला आतली खोली चालेल. खोलीत त्यांनी स्वतः एक धुतलेली चादर अंथरून दिली आणि दार हळूच लोटून घेतले. त्या घरात रविवारी न चुकता चर्चला जातात. आमच्या मते ज्यांची स्वतःची इबादत असते त्यांना दुसऱ्याच्या इबादतीची अडचण चटकन कळते.

वॉर्सात आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाने मुद्दाम थांबावे अशी एक जागा आहे. माँते कासिनोच्या युद्धस्मारकाजवळ २०१७ मध्ये उभारलेली वळिवडे-कोल्हापूर छावणीची स्मृतिशिला. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने लाखो पोलिश लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले होते. त्यातले हजारो जण १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या किनाऱ्याला लागले, बहुतेक आजारी आणि उपाशी. इस्फहानने त्यांची इतकी मुले सांभाळली की पोलिश लोक त्या शहराला ‘पोलिश मुलांचे शहर’ म्हणतात. इराणमार्गे काही मुले जामनगरजवळ बालाचडीला आली, आणि सुमारे पाच हजार माणसे, मुख्यतः बायका आणि मुले, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला. १९४३ ते १९४८ ती तिथे राहिली, त्यांची शाळा, चर्च, दवाखाना सगळे तिथे होते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातही त्याचे स्मारक आहे. परमुलखात ‘कोल्हापूर’ हा शब्द दगडात कोरलेला पाहून आम्ही एकमेकांचे फोटो काढले आणि ते शाळेच्या ग्रुपवर टाकले. इस्फहानचा पाहुणचार मात्र आपल्या फारशा कुणाला ठाऊक नसतो, म्हणून तो इथे लिहिला.

१ नोव्हेंबर हा पोलंडमध्ये सर्व संतांचा दिवस, सरकारी सुट्टीचा. त्या दिवशी सारा देश कब्रस्तानात जातो. यात अतिशयोक्ती नाही. कब्रस्तानांसाठी जादा बस आणि ट्राम सुटतात, फाटकाबाहेर शेवंतीच्या कुंड्या आणि काचेतल्या मेणबत्त्यांचे ढीग लागतात. आम्ही वॉर्साच्या पोवाँझ्की कब्रस्तानात गेलो. ते १७९० पासूनचे. तीन-तीन पिढ्या एकत्र आलेल्या, आजोबांच्या हातात झाडू, नातवाच्या हातात दिवा. कबर पुसायची, पाने झाडायची, दिवा ठेवायचा, जरा वेळ गप्प उभे राहायचे. अंधार पडला तसे लाल-पिवळ्या दिव्यांनी झाडांचे बुंधे खालून उजळले. मोठा आवाज कुठेच नाही. ज्या कबरींना कुणी वारस उरला नाही तिथेही कुणी कुणी दिवे ठेवत होते. आम्हाला शबे-बरातची आठवण झाली. कब्रस्तानातल्या दिव्यांबद्दल आपल्यात मतभेद आहेत, तो वाद इथे नको. पण मुलाला बोट धरून पणजोबाच्या कबरीशी नेणे आणि हा कोण होता हे त्याला सांगणे आपल्याकडे कमी होत चालले आहे, हे शाळेतल्या मुलांशी बोलताना आम्हाला नेहमी जाणवते. पोलंड १७९५ पासून १२३ वर्षे नकाशावर नव्हता. वॉर्साचे जुने शहर १९४४ मध्ये जर्मनांनी जमीनदोस्त केले आणि लोकांनी जुनी चित्रे समोर ठेवून ते पुन्हा तसेच बांधले. अशा लोकांनी आठवण जपण्याचे काम सुट्टी देऊन करावे यात नवल नाही.

त्या भागातच तातारस्का नावाचा रस्ता आहे आणि त्यावर १८६७ पासूनचे मुसलमान कब्रस्तान. फाटकातून आत गेलो तर दगडांवर चंद्रकोर, वर अरबी, खाली पोलिश. इथेही काही कबरींपुढे तसेच दिवे लावलेले. दोन बायका एका कबरीवरची पाने वेचत होत्या. आम्ही सलाम केला. त्यांनी जवाब दिला आणि पुढचे सगळे पोलिशमध्ये बोलल्या, कारण त्यांना दुसरी भाषा येत नव्हती.

हे तातार कोण, ते थोडक्यात सांगतो. चौदाव्या शतकापासून लिथुआनियाच्या राज्यात, जे पुढे पोलंडशी जोडले गेले, तातार घोडेस्वार येऊन वसले. १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत ते पोलंड-लिथुआनियाच्या बाजूने लढले. १६७९ मध्ये राजा यान सोब्येस्की याच्याकडे त्यांचा थकलेला पगार द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने आजच्या पोडलाशे प्रांतात त्यांना जमिनी दिल्या. चार वर्षांनी हाच राजा व्हिएन्नाला उस्मानी फौजेविरुद्ध लढला, तेव्हा हे मुसलमान स्वार त्याच्याच बाजूला होते. शत्रूकडच्या तातारांपासून वेगळे ओळखू यावे म्हणून त्यांनी शिरस्त्राणात गवताची काडी खोवली होती, असे सांगतात. १९३९ मध्ये जर्मनीने हल्ला केला तेव्हाही पोलिश घोडदळाच्या तेराव्या विल्नो रेजिमेंटमध्ये तातारांची एक तुकडी होती. आज ते दोन हजारांच्या आसपास उरले आहेत. १९२५ मध्ये त्यांची धार्मिक संघटना स्थापन झाली, १९३६ च्या कायद्याने तिला सरकारी मान्यता मिळाली, आणि तो कायदा अजून चालू आहे.

आम्हाला सगळ्यात जास्त भिडली ती त्यांच्या भाषेची गोष्ट. आपली मूळ तुर्की बोली हे लोक काही शतकांपूर्वीच विसरले. शेजाऱ्यांची बेलारूशी आणि पोलिश हीच त्यांची मातृभाषा झाली. पण लिहिताना ते ती अरबी लिपीत लिहीत. दुआ, नबींच्या गोष्टी, कुरआनचा अर्थ, सगळे गावच्या भाषेत आणि अरबी अक्षरांत, हाताने उतरवून घरोघर ठेवलेले. त्या वह्यांना ते ‘किताब’च म्हणतात. "तुम्ही मुसलमान, मग तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" हा प्रश्न आयुष्यात ज्याने एकदा तरी ऐकला आहे, त्याला त्या किताबांबद्दल काय वाटेल हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ब्याविस्तोकपर्यंत रेल्वेने आणि पुढे पन्नासेक किलोमीटर मोटारीने आम्ही क्रुशिन्यानीला गेलो. बेलारूसच्या सीमेजवळचे खेडे. लाकडी घरे, बर्चची झाडे, एकच मोठा रस्ता. मशीद हिरव्या रंगाची, पूर्ण लाकडाची, अठराव्या शतकाच्या अखेरची. पुढून दोन बुरूज असे की चर्चच वाटावे, कारण बांधणारे सुतार गावचे ख्रिस्ती होते आणि त्यांना तेच बांधता येत होते. वर चंद्रकोर नसती तर ओळखली नसती. आत लाकडाचा वास, खाली गालिचे, भिंतींवर चौकटीत बसवलेल्या आयती, त्यांना ‘मुहिर’ म्हणतात. मेहराब दक्षिणेच्या भिंतीत. बायकांसाठी वेगळी खोली आहे, मधल्या भिंतीतल्या झरोक्याला पातळ पडदा. म्हणजे बायका मशिदीत येतात, शेकडो वर्षांपासून येतात, त्यासाठी त्यांना आंदोलन करावे लागले नाही. आपल्या गावोगावच्या विश्वस्तांनी हा झरोका जरूर पाहून यावा.

आम्ही तिथे जुहर पढलो. मशीद दाखवणाऱ्या काकांनी नंतर खिशातून मिठाया काढून हातावर ठेवल्या. त्याला ते ‘सादोगा’ म्हणतात, आपला सदका. ईदला, मयतीनंतर, नवसाला गोड वाटायची त्यांची रीत आहे. ईदला ते बायराम म्हणतात, रमजान बायराम आणि कुर्बान बायराम. गावातल्या जेवणघरात ‘प्येरेकाचेव्निक’ खाल्ला. कागदासारख्या पातळ लाटलेल्या सहा पोळ्या, प्रत्येकीवर लोणी, मध्ये सारण, मग गुंडाळी करून गोगलगाईसारखी वेटोळी आणि भट्टीत. मटणाचा असतो, गोड चीजचाही असतो. युरोपीय संघाने त्याला २००९ मध्ये पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिले आहे. आठवडाभर प्येरोगी खाल्ल्यावर बिनधास्त मटण खाण्यातला आनंद आम्ही लपवत नाही.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. लोक वागतात कसे?

ट्राममध्ये एक माणूस दुपट्ट्याकडे बघून काही तरी पुटपुटला. समोरच्या बाईने त्याला तिथल्या तिथे झापले. तो काय म्हणाला ते भाच्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. बाकी दहा दिवसांत तक्रारीला जागा नव्हती. पण पाहुण्याला जे दिसते ते आणि तिथे राहणाऱ्याला जे सोसावे लागते ते, यात फरक असतो. २०१३ च्या सुरुवातीपासून पोलंडमध्ये जनावर बेशुद्ध न करता जबह करण्यावर बंदी लागू झाली. त्या वर्षीच्या बकरीदला बोहोनिकी या दुसऱ्या तातार गावात मुफ्तींनी कुर्बानी केली आणि प्राणिहक्कवाले निदर्शने करायला तिथे पोहोचले. शेवटी ज्यू समाजाच्या संघटनेच्या अर्जावर डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. अर्ज त्यांचा, सुटका दोघांची. त्याच वर्षी जूनमध्ये क्रुशिन्यानीच्या या हिरव्या मशिदीच्या भिंतीवर कुणीतरी रात्री डुकराचे चित्र काढून गेले होते, आणि कबरींवर पोलिश देशभक्तीची खूण रंगवली होती. ज्यांचे पूर्वज त्याच देशासाठी सहाशे वर्षे घोड्यावर बसले, त्यांच्या कबरींवर. काकांनी हे सांगताना आवाज चढवला नाही. सांगितले आणि पुढच्या चौकटीतल्या आयतीकडे वळले.

त्याच दुपारी आम्ही बोहोनिकीला गेलो. तिथली मशीद लहान आहे, तीही लाकडी. पण आम्हाला जायचे होते ते गावाबाहेरच्या कब्रस्तानात. तातार त्याला ‘मिझार’ म्हणतात. पाइनच्या झाडीतली टेकडी, आणि तिच्यावर उतरत गेलेल्या कबरी.

२०२१ मध्ये सीरिया, इराक आणि आणखी कुठून कुठून माणसे बेलारूसमार्गे या सीमेवर आली. बेलारूसचे सैनिक पुढे ढकलत, पोलंडचे मागे ढकलत, आणि मध्ये थंडीतले जंगल. सीमेचा पट्टा सरकारने बंद केला होता. पुढच्या वर्षी तिथे साडेपाच मीटर उंचीची पोलादी भिंत उभी राहिली. त्या शरद ऋतूत बोहोनिकीच्या तातारांनी दोन कामे केली. एक, सीमेवर पहारा करणाऱ्या पोलिश सैनिकांसाठी मोठ्या पातेल्यांत सूप शिजवून पाठवले. दोन, जंगलातून आलेल्यांसाठी कपडे आणि अन्न गोळा केले, आणि जे मेले त्यांना आपल्या मिझारमध्ये जागा दिली. नोव्हेंबरमध्ये पहिला दफन झाला तो एकोणीस वर्षांचा सीरियन मुलगा. बुग नदीत बुडाला होता. गावच्या मोजक्या माणसांनी जनाजा पढला, आणि सीरियातल्या त्याच्या घरच्यांनी तो फोनवर पाहिला. पुढे एका न जन्मलेल्या बाळालाही इथेच दफन केले गेले.

मागे ढकलणाऱ्याला सूप आणि ढकललेल्याला कफन, हे जमते कसे, असे वाचकांपैकी कुणी विचारील. आमच्याही मनात आले होते. पण त्या गावात राहून बघा. सैनिकांत त्यांच्या शेजाऱ्यांची मुले आहेत, ते कुडकुडत उभे आहेत, आणि सहाशे वर्षे हे लोक त्याच फौजेत चाकरी करत आले आहेत. दुसरीकडे मेलेला माणूस कलमा पढणारा आहे आणि त्याला मातीत ठेवणारे जवळपास दुसरे कुणी नाही. यातले कुठले एक काम सोडायला सांगायचे? आम्हाला तरी सांगता आले नसते.

नव्या कबरी जुन्यांपासून जरा बाजूला, झाडीच्या कडेला आहेत. मातीचा उंचवटा, भोवती दगड, एक पाटी. एका पाटीवर नावाच्या जागी फक्त ‘एन. एन.’ अशी दोन अक्षरे होती. पोलंडमध्ये ज्याचे नाव कळले नाही त्याच्यासाठी असे लिहितात. पुढे लाल काचेतला एक दिवा होता, १ तारखेला कुणी तरी ठेवून गेलेला, विझायला आलेला. भाच्याने घड्याळ पाहिले. आम्ही फातिहा पढलो आणि मगरिबच्या आत मशिदीकडे निघालो.